एक बोट, दोन बोटं

शंकर नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जमीन हलत नाही, याचा बाबांना त्रास होतो.

हे कोणाला सांगितलं तर लोक हसतात. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "लोग तो शांति के लिए यहाँ घर लेते हैं." घेत असतील बापा. माझ्या बाबांची अख्खी नोकरी रेल्वेत चाबीवाला म्हणून गेली. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी स्लीपरला जखडलेला असतो, त्या रोज पायी फिरून हातोड्यानं ठोकत जायच्या, ढिली लागली की कसायची, हे त्यांचं काम. आणि राहायला लाइनीला लागून क्वार्टर. असा माणूस म्हातारपणी दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवला, तर तो रोज सकाळी उठून काय करतो? फरशीवर उजवा तळहात टेकवतो आणि वाट पाहतो.

शुगरनं ते हात केव्हाच बधिर झालेत. चहाचा गरम कप धरला तरी कळत नाही. कान तर नोकरीतच गेले. मशीन घेऊन दिलं, ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आराम करून राहिलं आहे. ओरडून बोलावं लागतं, नाहीतर तोंडासमोर तोंड धरून. हात टेकवणं मात्र सुटत नाही.

आणखी एक खोड आहे. बोलता बोलता मध्येच थांबतात. "आज भाजीत मीठ," म्हणतात आणि गप्प. मान जराशी खाली. मिनिटभरानं, "कमी हाय." पाहुण्यांना वाटतं, विसरले. विसरले कुठले, सकाळची पॅसेंजर जाऊ देत असतात. आमच्या क्वार्टरांच्या ओळीला सगळे पारा, म्हणजे वस्ती, म्हणायचे, आणि पाऱ्यातले सगळेच असे बोलायचे. गाडी आली की वाक्य हातात धरून ठेवायचं, गेली की पुढं चालू. मीही लहानपणी इथून दूर नागपूरला मावशीकडे गेले की ठरलेल्या वेळी अशीच थांबायची, आणि मावशी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

तर झालं असं, की यंदा पोळा झाला आणि पावसानं पुन्हा जोर धरला, त्या दिवसांत हिंदी पेपरात कोपऱ्यात बातमी आली. भनपुरीच्या अलीकडची लाइनीकडेची जुनी क्वार्टरं पाडणार, तिथून नवीन लाइन जाणार. बाबांनी ती बातमी तीनदा वाचली. दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीत गेले तर माझा मनीप्लांट मुळांसकट फरशीवर पडलेला, आणि ज्या पितळी तांब्यात तो लावला होता तो तांब्या घेऊन बाबा मोरीत बसलेले. चिंचेनं घासून राहिले होते. इतकी वर्षं काळा पडलेला तांब्या पिवळा धमक झाला होता.

माझं डोकंच फिरलं. "काय करून राहिले बाबा? जगलेलं झाड उपटलं."

"जाऊन येऊ एकदा," ते म्हणाले.

"काय आहे आता तिथं? चार भिंती."

"जमीन हाय."

मी नाही म्हटलं. पाऊस आहे, चिखल आहे, तुमचं वय काय, रस्त्यावर ट्रक किती. सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. त्या तांब्याशी माझं एक जुनं खोटं बांधलेलं आहे. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. मी मनीप्लांट काही हौसेनं लावला नव्हता त्यात. तो तांब्या पुन्हा काठोकाठ पाण्यानं भरलेला दिसू नये म्हणून लावला होता.

दोन दिवस बाबा धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मी ऑटो बोलावला.

*

क्वार्टरच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारलेली होती. दारं-खिडक्या कोणीतरी काढून नेलेल्या. आत शिरल्या शिरल्या मला आईचा वास येईल असं वाटलं होतं, पण ओल्या चुन्याचा आला. कोपऱ्यात भिंतीला दोन-दोन खिळ्यांची जागा अजून दिसत होती. आमच्याकडे प्रत्येक तसबीर दोन खिळ्यांवर आणि खालून तारेनं बांधलेली असायची, बुद्धाचीसुद्धा. एका खिळ्यावर टांगलेली वस्तू आमच्या घरात आठवडाभरात तोंड फिरवून बसायची.

केवढी हालायची ती जमीन, आणि आईनं तिच्याशी किती जुळवून घेतलं होतं. ताटांच्या मधे जुन्या लुगड्याचे तुकडे, नाहीतर दिवसभर खणखण. दही कधी खाली लावायचं नाही. विरजणाचं गाडगं शिंक्यात टांगायचं, तेव्हा कुठं ते लागायचं. तांदळाचा डबा काठोकाठ भरून ठेवला तरी सकाळी बोटभर खाली गेलेला. दाणे हलून हलून बसायचे, दुसरं काय. पण आई म्हणायची, "गाडी खाते एक बोट. खाऊ दे, तिच्याच भरवशावर हाय आपण." शेजारणी आल्या की भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि गाडी गेली की म्हणायच्या, पाठ दाबून झाली.

आमचं क्वार्टर कन्हारावर होतं. कन्हार म्हणजे इथली काळी माती. वैशाखात तिला एवढ्या भेगा पडायच्या की मी त्यांत काडी घालून खोली मोजायची. मालगाडी आली की भेगेच्या काठावरची माती आपोआप आत झरायची, झर झर, आणि मी कान लावून ऐकायची. त्या दिवसांत लाकडी स्लीपरांतून डांबर पाझरायचं. त्याचा वास दुपारभर घरात, कपड्यांत, वरणातसुद्धा. पावसाळ्यात माती फुगायची, भेगा मिटायच्या, आणि हालणं बदलायचं. उन्हाळ्यात बारीक, दातांत जाणवेल असं. पावसाळ्यात खोल आणि सावकाश, पोटात. मागच्या डबक्यातली बेडकं गाडीच्या कितीतरी आधी एकदम गप्प व्हायची. थंडीत मी गोधडीतून एक पाय काढून फरशीला लावायची. टाच गार पडायची, पण मुंबईकडची मेल वेळेवर आहे की नाही ते उठायच्या आधीच कळायचं.

पोळ्याला इकडे मातीचे बैल मिळतात, चाकांचे. माझा बैल फरशीवर ठेवला की मालगाडीच्या वेळी आपला आपण चालायचा. नागपूरच्या मावसभावाला हे पटायचं नाही. त्याला मी बोलावून दाखवलं, तर तो रडायलाच लागला.

या सगळ्यावर बाबांचा तांब्या. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, काठोकाठ भरलेला. त्यात कडुनिंबाची एक काडीसुद्धा पडू द्यायची नाही. पाणी पाहून ते गाडी सांगायचे. गाडी दिसायच्या आधी, आणि गेल्यावरही. बारीक थरथर असली तर पॅसेंजर. जाड, सावकाश गोल निघाले तर मालगाडी, आणि काठावरून थेंब ओघळला तर ती भरलेली. मला शिकवायचे. "गाडी रुळाले दाबते, रूळ स्लीपरले दाबते, स्लीपर गिट्टीले, गिट्टी मातीले. माती शेवटची. तिच्या खाली कोणी नाही सांगाले. म्हून ती आपल्याले सांगते."

आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. चाक गेलं की पाणी एक डाव हालून निवलं, तर जमीन चांगली आहे. चाक पुढं गेल्यावर मागाहून अजून एक डाव हाललं, तर समजायचं की खाली चिखल झाला, स्लीपर अधांतरी लटकला. ढिल्या बाजेवर कोणी बसून उठलं की ती मागाहून हलते ना, तसं.

गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून बोटांची भाषा. बाबा हनुवटी वर करून विचारायचे, पाणी कसं हाय? मी एक बोट दाखवलं की बरोबर. दोन बोटं दाखवली की गडबड. माझी नजर त्यांच्यापेक्षा बारीक होती. ते गँगवाल्यांना सांगायचे, "माही पोट्टी पाणी वाचते." शाळेत पहिल्या नंबरानं पास झाल्याचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही, पण हे दहा जणांत सांगायचे. मला त्याचा इतका गर्व होता, काय सांगू.

*

मी सहावीत होते. पोळा होऊन पाच-सहा दिवस झाले होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बाबा तीन दिवस तापानं फणफणत बाजेवर पडलेले. त्यांच्या जागी बदलीवर एक नवखा माणूस लाइन बघत होता.

मागच्याच पावसाळ्यात तिसऱ्या क्वार्टरातले काका तापात ड्यूटीवर गेले होते आणि आठ दिवसांत गेले. आईनं त्यांची बायको पाहिली होती. त्या दुपारी तिनं मला चुलीपाशी ओढलं, मनगट घट्ट धरलं. "पाण्याचं त्यायले काही सांगू नको. या पाण्यापावसात उठून गेले तं वापस नाही येत ते. एकच बोट दाखवजो. कसंही हाललं तरी एकच. घे माही शपथ."

मी शपथ घेतली. शपथ घेताना भाजीत हात होता तिचा, मेथीचा वास येत होता.

मग मालगाडी आली. मी तांब्यापाशी बसले होते, शेजारी माझा मातीचा बैल. पाणी हाललं. चाक गेलं, पाणी निवायला लागलं, आणि मागाहून खालून कोणीतरी ढकलल्यासारखं पुन्हा हाललं. काठावरून थेंब ओघळला. बैल वीतभर चालला, थांबला, आणि पुन्हा दोन बोटं सरकला. प्रत्येक डब्याला तेच. 

बाजेवरून बाबांनी हनुवटी वर केली.

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ माझ्याकडेच बघत होती म्हणा ना.

मी एक बोट वर केलं.

बाबा माझ्या बोटाकडे पाहत राहिले. ते बोट मला खाली घेता येईना. मग त्यांनी गोधडीतून उजवा हात काढला, बाजेखाली सोडला आणि तळहात फरशीवर टेकवला. गाडीचे शेवटचे डबे जाऊन राहिले होते. त्यांनी डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उठले.

"कुठं चालले?" आई दारात आडवी झाली. "मी जाऊ देणार नाही."

"पॅसेंजरचा टाइम झाला," बाबा म्हणाले. तिचे दोन्ही खांदे धरून त्यांनी तिला बाजूला उभं केलं, कोपऱ्यातली लाल झेंडी घेतली आणि अनवाणीच निघाले. अंगावर नुसती बनियन.

मी खिडकीशी गेले नाही. पावसात तसंही काही दिसत नव्हतं. मी तांब्यापाशीच बसून राहिले. शिट्टी ऐकू आली, मग पाण्यात बारीक थरथर सुरू झाली. थरथर दाट झाली. गोल एकामागून एक, काठाला भिडून परत फिरणारे. माझे बाबा त्या रुळांच्या मधे कुठंतरी उभे होते आणि मी पाणी पाहत होते. आई मागं काहीतरी पुटपुटत होती. गोल जाड झाले, अजून जाड झाले, आणि मग विरळ व्हायला लागले. गाडी गेली की पाणी निवतं तसं नाही. गाडी उभी राहिली की निवतं, तसं. हळूहळू ते आरशासारखं झालं. तेव्हा मी रडले.

पॅसेंजर आमच्या मागच्या दाराशी उभी होती. खिडक्यांतून माणसं आमच्या छपराखाली वाळत घातलेल्या गोधडीकडे बघत होती. एका बाईनं हातातली पुरी तशीच ठेवून मला विचारलं, "बेटा, कौन सा टेशन है?" तिथून शंभर पावलांवर रुळाखालची माती वाहून गेली होती. बकरी आरपार जाईल एवढी.

बाबा महिनाभर दवाखान्यात होते. परत आले तेव्हा शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. साहेब लोक घरी येऊन गेले, पेढे झाले. मला बाबा एका शब्दानं रागावले नाहीत.

रागावले असते तर बरं झालं असतं. एक ठेवून दिली असती तरी मी सुखानं झोपले असते. त्यांनी फक्त इतकंच केलं, की तांब्या स्वतः भरायला लागले. आणि मला पुन्हा कधी विचारलं नाही. गाडी यायची, मी पाण्याकडे बघायची, मग त्यांच्याकडे. ते स्वतः वाकून बघायचे, नाहीतर हात टेकवायचे. सातवी गेली, दहावी गेली, माझी तहसीलमध्ये नोकरी लागली, लग्न झालं. एकदासुद्धा हनुवटी वर केली नाही. मला कधीच कळलं नाही, की त्यांनी मला खोटारडी समजून सोडलं की आंधळी समजून. दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, यावर मी अर्धं आयुष्य घालवलं आहे. आईजवळ विषय काढायची सोय नव्हती. ती गेली, तेव्हा आम्हा दोघींची शपथ सोबत घेऊन गेली.

*

उंबऱ्याशी, फरशीवर, तांब्याच्या बुडाचा गोल अजून होता. बाबांनी पिशवीतून तांब्या काढला, त्या गोलावर ठेवला, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन काठोकाठ भरला. एक थेंब सांडू दिला नाही. मग भिंतीला पाठ लावून, जिथं त्यांची बाज असायची तिथं, खाली बसले. मला म्हणाले, "बस."

मी बसले. साठीला आलेली बाई मी, गुडघे कुरकुरतात, पण सहावीतल्यासारखी बसले.

बराच वेळ काही नाही. मग पाणी शहारलं. पूर्वी रुळांच्या सांध्यांवर खटक-खटक व्हायची, आता रूळ लांबच लांब जोडलेले, नुसती घरघर येते. बाबांना तीही ऐकू येत नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं, की गाडी आली. त्यांनी तळहात फरशीवर टेकवला. दाबला. जागा बदलली, पुन्हा दाबला. मग हात उचलून त्याच्याकडे असे पाहायला लागले, जणू कोणी दुसऱ्याचाच हात त्यांच्या अंगाला लावून दिला आहे. मला बघवेना.

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहून हनुवटी वर केली.

मी घरून ठरवून आले होते. लपवत नाही. पाण्याचं काहीही होवो, एक बोट दाखवायचं. म्हाताऱ्याचं मन राखायचं, घरी न्यायचं, गरम खिचडी घालायची. मी पाण्याकडे पाहिलं. मालगाडी होती, भरलेली. पाणी हाललं, निवायला लागलं, आणि मागाहून पुन्हा हाललं.

चष्मा पुसला. पुढच्या डब्याला पाहिलं. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला, तेच.

माझं एक बोट वर गेलं. खरंच गेलं, आपोआप. सगळा हिशेब माझ्या डोक्यात होता. दोन दाखवली तर हा माणूस उठणार, ऐंशीच्या वरचा, बहिरा, आणि सरळ लाइनीवर जाणार. आईच्या मनात त्या दिवशी काय झालं असेल ते मला त्या मिनिटाला कळलं. तिच्यावरचा माझा राग तिथंच संपला. पण बाबा त्या एका बोटाकडे पाहत होते, अगदी तसेच, आणि मला ते पुन्हा सहन होणार नव्हतं. मी दुसरं बोट वर केलं.

त्यांनी शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाले, "त्या दिवशीसारखं?"

कोणत्या दिवशी, असं विचारता आलं असतं. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि सावकाश म्हटलं, म्हणजे त्यांना ओठ वाचता यावेत. "हो बाबा. त्या दिवशीसारखंच. दोनदा."

"मंग बसली काहून? चल."

मी उठेपर्यंत ते मागच्या भिंतीच्या भगदाडातून बाहेर. कोण म्हणेल यांना आधार लागतो. मी चिखलातून धावले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं हॉर्न वाजला, लांब, पुन्हा लांब, आणि बाबा गिट्टीवर पाय ठेवून राहिले होते. मी ओरडले. कोणाला ओरडले, कोण जाणे. मागून त्यांचा शर्ट धरला आणि सगळ्या वजनानिशी मागं ओढलं. आम्ही दोघंही गवतात बसलो. इंजिन तोंडासमोरून गेलं. जमीन आमच्या दोघांच्या खालून हालत होती, खोल, सावकाश, आणि बाबांचं एक चप्पल रुळापाशी पडलेलं होतं.

गाडी गेल्यावर पलीकडून एक माणूस हातोडा घेऊन धावत आला. केशरी जाकीट, तिशीचा. आताचा चाबीवाला, धनेश नाव त्याचं. चिडलेला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. "ए दाई, बबा ला धर के रख. मरे बर आए हव का?" मरायला आलात का, असं विचारत होता.

बाबांना ऐकूच आलं नाही. ते गवतातून उठता उठता स्लीपर दाखवत होते. "बेटा, ये जगह नीचे से पोली है. सब्बल डाल के देख."

"ऊपर से तो एकदम ठीक है, बबा," तो त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडला.

"ऊपर से नहीं. नीचे से."

धनेशनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे या म्हाताऱ्याला घरी न्या. मी म्हटलं, "भैया, एक बार देख लो. पानी दो बार हिला है." हे बोलले आणि स्वतःलाच वेडी वाटले. मग बाबांनी आपला उजवा हात त्याच्यापुढं धरला. अंगठ्याचं नख हातोडा लागून लागून चपटं झालेलं आहे, उभं फाटलेलं. धनेशनं ते नख पाहिलं. त्याच्याही अंगठ्याचं तसंच होतं. तो पलीकडून सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आला आणि स्लीपरच्या टोकाशी गिट्टीत घातली. वरची गिट्टी कोरडी होती. वीतभर आत गेल्यावर सब्बल एकदम खाली गेली. त्यानं ती ओढली तेव्हा टोकाला करडा चिखल होता, आणि त्या भोकातून गढूळ पाणी बुडबुडत वर आलं.

"हव," धनेश हळूच म्हणाला. मग त्यानं खिशातून लाल झेंडी काढली आणि दुसऱ्या हातानं फोन.

*

गँग आली, दोन्ही बाजूंना झेंड्या लागल्या, गाड्या थांबल्या. माणसांनी चिखल उपसला, कोरडी गिट्टी भरली, ठोकली. धनेशनं कुठूनतरी चहा आणला, बाबांना स्वतःच्या हातानं दिला, उस्ताद म्हणून. बाबा भिंतीच्या भगदाडापाशी दगडावर बसले होते. मी त्यांचं चप्पल धुऊन आणलं.

"तुले तवाही दिसलं होतं," ते एकदम म्हणाले. विचारत नव्हते.

मी मान हलवली.

"मायनं शपथ घातली असंन."

मी पुन्हा मान हलवली. 

"मले समजलं होतं," बाबा म्हणाले. "म्हून तं मंग विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तं तू तिच्याशी खोटी पडली असती, नाहीतर माह्याशी. एवढ्याशा पोट्टीले दोन्हीकून काहून ताणायचं?"

त्यांनी चहा संपवला. कप दगडावर ठेवला, आणि मला हातानं आत जायची खूण केली. पहिली गाडी सोडणार होते.

मी आत जाऊन तांब्यापाशी बसले. मागच्या दाराच्या रिकाम्या चौकटीतून बाबा दिसत होते, त्यांच्या पलीकडे झेंडी घेऊन धनेश, गँगची माणसं लाइन सोडून बाजूला उभी. मालगाडी आली. हळू सोडली होती, माणसाच्या चालीनं. पाणी हाललं. निवलं. मी थांबले. पुढचा डबा. हाललं, निवलं. मला घाई करायची नव्हती. बाहेरून हनुवटी वर झाली होती, तरी मी डोळे पाण्यावरून काढले नाहीत. शेवटच्या डब्यापर्यंत एकेक चाक पाहिलं. मागाहून काही आलं नाही. पाणी तांब्यात गप्प बसलं.

मी एक बोट वर केलं.

बाबांनी ते पाहिलं. आता वाकतील, जमिनीला हात लावतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो तिथंच राहिला.